बेथलेहेमच्या आधी येशू कुठे होता?

जात्यावर बसून गाणी म्हणायची हे आपल्याला नवं नाही. चौथ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातल्या एरियस नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूनेही दळणाऱ्यांसाठी गाणी रचली होती. खलाशांसाठी वेगळी, वाटसरूंसाठी वेगळी. फिलोस्टॉर्जियस हा जुना इतिहासकार तसं लिहून ठेवतो. या गाण्यांतून एरियस आपली मतं लोकांपर्यंत पोचवायचा, आणि त्याच्या मतांचा गाभा एका प्रश्नात होता: देवाचा पुत्र कधीपासून आहे?

आज हा प्रश्न सेमिनरीच्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या, वर्गाबाहेर फारसा कोणी काढत नाही. तेव्हा तो बाजारात निघायचा. त्याच शतकाच्या शेवटी निस्साचा बिशप ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलबद्दल तक्रार करतो की पावाचा भाव विचारला तर पाववाला म्हणतो, पिता थोर आणि पुत्र त्याच्याहून कमी. आंघोळीचं पाणी तापलं का म्हणून विचारलं तर हमामवाला सांगतो, पुत्र शून्यातून झाला.

एरियसचं नाव घेऊन हल्ली एक गोष्ट फार फिरते. ती अशी: पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक येशूला एक थोर माणूस, एक गुरू मानत होते. मग ३२५ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया इथे बिशपांना गोळा केलं, मतदान घेतलं आणि येशूला देव ठरवलं. तो जगाच्या उत्पत्तीआधीपासून होता ही कल्पना तिथेच जन्मली. एका गाजलेल्या रहस्यकादंबरीने या गोष्टीला पंख दिले आणि आता ती चांगली शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात. मला ते ऐकून हळहळ वाटते, कारण जे खरोखर घडलं ते यापेक्षा कितीतरी खोल आहे आणि ते समजायला अवघडही नाही.

एरियसने आपला मित्र, निकोमीडियाचा बिशप युसेबियस याला लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. निकेयात जो हरला त्याचंच हे पत्र. त्यात तो म्हणतो की पुत्र काळाच्या आधी, युगांच्या आधी अस्तित्वात आला. फक्त, जन्म होण्यापूर्वी तो नव्हता. पहिलं वाक्य पुन्हा वाचा. सूर्य नव्हता, चंद्र नव्हता, दिवस-रात्र नव्हती, तेव्हाही पुत्र होता, असं एरियस स्वतः मानत होता. बेथलेहेमच्या आधी येशू होता का, यावर निकेयात भांडण नव्हतंच. ते दोन्ही बाजूंना मान्य होतं. भांडण होतं त्या ‘आधी’च्याही आधी काय होतं, यावर.

बेथलेहेमात जो जन्मला तो जन्मापूर्वीही देवाजवळ होता, या श्रद्धेला अभ्यासक ‘पूर्वास्तित्व’ म्हणतात. शब्द जड आहे, पण दुसरा सुटसुटीत मिळत नाही.

मी रविवारी चर्चमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. एका वर्षी नाताळच्या तोंडावर सातवीतल्या एका मुलाने विचारलं, “टीचर, येशू आधीपासून होता ना? मग गोठ्यात रडताना त्याला सगळं आठवत होतं का?” नीट उत्तर द्यायला मला पुढच्या रविवारपर्यंत थांबावं लागलं. त्या आठवड्यात जे वाचलं आणि नंतरही वाचत राहिले, त्यातूनच हा लेख आला.

सुरुवात करू बायबलच्या अनुक्रमणिकेपासून. नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्ती भाग, उघडला की आधी मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनकथा, येतात आणि पौल या आरंभीच्या धर्मप्रचारकाची पत्रं नंतर येतात. म्हणून आपण नकळत धरून चालतो की लिहिलीही त्याच क्रमाने गेली. प्रत्यक्षात पौलाची पत्रं सगळ्यांत जुनी आहेत. येशूला क्रुसावर दिलं ते साधारण इ. स. ३० च्या सुमारास. पौलाची महत्त्वाची पत्रं पन्नाशीच्या दशकातली. मार्क साधारण ७० च्या आसपासचा, मत्तय आणि लूक त्यानंतरचे, योहान पहिल्या शतकाच्या अखेरचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

हा क्रम लक्षात घेतला की एक फार आवडती मांडणी अडचणीत येते. ती मांडणी जिन्यासारखी आहे. पहिली पायरी: सुरुवातीच्या शिष्यांना वाटलं, पुनरुत्थानाच्या वेळी देवाने येशूला पुत्र केलं. दुसरी पायरी: मार्क म्हणतो, बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी झाली, ‘तू माझा पुत्र आहेस.’ तिसरी: मत्तय आणि लूक गर्भधारणेपर्यंत मागे जातात. चौथी: योहान थेट विश्वाच्या प्रारंभापर्यंत पोचतो. दिसायला हा जिना फार छान आहे. साठ-सत्तर वर्षांत माणसाचा देव कसा झाला, ते पायरी-पायरीने दिसतं. पण पौल या जिन्यात कुठेच बसत नाही. तो काळाने सगळ्यांत आधीचा आणि शिकवणुकीने सर्वांत वरच्या पायरीवर.

पौलाचं हे लिखाण जवळून पाहू या, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, तो दुसरं पत्र लिहितो तेव्हा जेरुसलेममधल्या गरीब ख्रिस्ती बांधवांसाठी वर्गणी गोळा करण्याचं काम चालू आहे. करिंथकरांचा हात आखडता आहे. त्यांना उदार व्हा म्हणताना पौल सहज सांगून जातो की तुम्हाला आपल्या प्रभूची कृपा ठाऊक आहे, तो धनवान असूनही तुमच्यासाठी गरीब झाला. आता नाझरेथचा येशू धनवान कधी होता? त्याच्या घरी सुतारकाम. लूक सांगतो की बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी पक्ष्यांची जोडी अर्पण केली, आणि मोशेच्या नियमशास्त्रात ही सवलत ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी होती. म्हणजे ‘धनवान असूनही’ हे शब्द जन्मानंतरच्या कुठल्याही दिवसाला लागू होत नाहीत. ते जन्माच्या आधीबद्दलच आहेत.

पौल इथे काही सिद्ध करत नाही. वर्गणी मागताना कुणी नवा सिद्धान्त मांडत नाही. लोकांना जे आधीच मान्य आहे त्याची आठवण करून दिली तरच खिशात हात जातो. ‘तुम्हाला ठाऊक आहे,’ असं तो म्हणतो आणि मला त्या पत्रातले हेच शब्द सर्वांत महत्त्वाचे वाटतात. येशूनंतर पंचवीस-एक वर्षांनी, ग्रीसमधल्या एका बंदराच्या शहरात, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती.

करिंथकरांच्या पहिल्या पत्रातही असंच. प्रश्न साधा आणि व्यवहाराचा आहे: मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की खाऊ नये? उत्तराच्या ओघात पौल म्हणतो की आपल्यासाठी एकच देव, पिता, ज्याच्यापासून सर्व काही झालं; आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व काही झालं. यहुदी माणूस रोज जी प्रार्थना म्हणतो, ‘हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आमचा देव एकच,’ तिचेच शब्द घेऊन पौलाने त्यात येशूला बसवलं आहे. देव एकच हे सोडलेलं नाही, आणि जग घडवण्याच्या कामात येशूचा हात होता हेही म्हटलेलं आहे.

फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातल्या ओळी तर सर्वांत प्रसिद्ध. देवाच्या स्वरूपाचा असूनही देवाच्या बरोबरीचं असणं त्याने धरून ठेवलं नाही, त्याने स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. मूळ ग्रीकमध्ये या ओळींना लय आहे. म्हणून पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की हे पौलाच्याही आधीचं, मंडळीत म्हटलं जाणारं स्तोत्र असावं. यावर मतभेद आहे आणि तो लपवू नये. ब्रिटिश अभ्यासक जेम्स डन यांचं म्हणणं असं की या ओळी येशूची तुलना आदामाशी करतात: आदामाने देवासारखं होण्याचा हव्यास धरला, येशूने धरला नाही. तसं असेल तर या ओळींत पूर्वास्तित्व असेलच असं नाही. बहुतेक अभ्यासकांना हे पटलेलं नाही, मलाही नाही, कारण ‘मनुष्यासारखा झाला’ हे वाक्य जो आधीपासूनच केवळ मनुष्य आहे त्याच्याबद्दल कोणी का लिहील? पण डन यांचा आक्षेप वरवरचा नाही.

जिन्याच्या मांडणीला आणखी एक उत्तर रोमकरांच्या पत्रात आहे. पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो, पुनरुत्थानाने येशू सामर्थ्याने देवाचा पुत्र ठरवला गेला. ही जिन्याची पहिली पायरी झाली. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो, देवाने आपल्या पुत्राला देहात पाठवलं. एकच माणूस, एकच पत्र, आणि दोन्ही वाक्यं. पौलाला त्यात विसंगती वाटली नाही. गादीवर जन्मलेला युवराज राज्याभिषेकाच्या दिवशी राजा म्हणून जाहीर होतो, तसं काहीसं त्याच्या मनात असावं.

इथे आणखी एक घोळ निस्तरायला हवा. पुष्कळांना वाटतं की कुमारी मरियेच्या पोटी जन्म आणि पूर्वास्तित्व या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. तसं नाही. मत्तय आणि लूक अलौकिक जन्माची कथा सांगतात, पण हा बाळ त्याआधी कुठे होता याबद्दल त्या कथांत एक अक्षर नाही. पौल आणि योहान पूर्वास्तित्व सांगतात, पण जन्माची कथा सांगत नाहीत. दोन्ही धागे पुढे मंडळीने एकत्र विणले. नाताळच्या देखाव्यात आपल्याला ते विणलेलेच दिसतात, म्हणून वेगळे ओळखू येत नाहीत.

पण एक देव मानणाऱ्या, मूर्तीच्या सावलीलाही न जाणाऱ्या यहुदी लोकांत ही कल्पना आली कुठून? ती ग्रीक पुराणांतून उसनी घेतली, असं सर्रास म्हटलं जातं. यहुदी ग्रंथ वाचले की तेवढं लांब जायची गरज उरत नाही. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ‘ज्ञान’ एका स्त्रीसारखं बोलतं: परमेश्वराने पर्वत रचले, समुद्राला हद्द घातली, तेव्हा मी त्याच्याजवळ होते. येशूच्या सुमारे दोनशे वर्षं आधीच्या बेन सिराच्या ग्रंथात हेच ज्ञान राहायला जागा शोधत साऱ्या पृथ्वीवर फिरतं, आणि शेवटी देव त्याला सांगतो, याकोबाच्या वंशात आपला तंबू ठोक.

आता योहानाचा पहिला अध्याय घ्या. प्रारंभी शब्द होता, तो देवाजवळ होता, आणि पुढे चौदाव्या वचनात शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. ‘वस्ती केली’साठी मूळ ग्रीक शब्द आहे एस्केनोसेन, म्हणजे तंबू ठोकला. आपल्या बोलीत सांगायचं तर आमच्यात येऊन बिऱ्हाड केलं. बेन सिरा वाचलेल्या यहुदी माणसाला त्या एका शब्दात सगळी जुनी गोष्ट ऐकू आली असणार.

मराठी वाचकाला इथे एक चकवा आहे. ‘शब्द’ म्हटलं की आपल्या मनात शब्दब्रह्म येतं, ओंकार येतो. येऊ दे, त्यात वावगं नाही. पण योहानाच्या मनात उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान होतं: ‘देव बोलला, प्रकाश होवो.’ बोलणं आणि होणं यात फट नाही. त्याच काळात अलेक्झांड्रियात फिलो नावाचा यहुदी विचारवंत होऊन गेला. तोही देवाच्या शब्दाबद्दल लिहीत होता आणि त्या शब्दाच्या तोंडी वाक्य घालतो: मी देवासारखा अजन्माही नाही आणि तुमच्यासारखा जन्मलेलाही नाही. फिलो ख्रिस्ती नव्हता. येशूबद्दल त्याने काही लिहिलेलं नाही. म्हणजे चौकट आधीपासून होती. ख्रिस्ती लोकांनी केलेलं नवं धाडस एवढंच, पण तेवढंच प्रचंड होतं, की हा शब्द म्हणजे तो माणूस, ज्याला आमच्यातल्या काहींनी मासे खाताना पाहिलं.

मात्र ‘जगाच्या आधीपासून’ असं दिसलं की लगेच पूर्वास्तित्व म्हणून शिक्का मारू नये. यहुदी धर्मगुरूंच्या परंपरेत जगाआधी निर्माण झालेल्या सात गोष्टींची यादी आहे आणि तीत मसीहाचं, म्हणजे देव पाठवणार असलेल्या तारणाऱ्याचं, नाव आहे. नाव, माणूस नव्हे. नात होण्याच्या आधीच आजीने तिचं नाव ठरवून ठेवलेलं असतं, म्हणून नात तेव्हा होती असं आपण म्हणत नाही. यिर्मया संदेष्ट्याला देव म्हणतो, गर्भात घडवण्याआधीच मी तुला ओळखलं. तिथेही यिर्मया स्वर्गात वाट बघत बसला होता असा अर्थ नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्त ‘जगाच्या स्थापनेआधीच नेमलेला’ आहे, आणि ते योजनेत असणं की प्रत्यक्ष असणं यावर अभ्यासकांचा वाद प्रामाणिक आहे. काही जण नेमका हाच धागा ओढून म्हणतात की सगळंच पूर्वास्तित्व योजनेतलं. पण योजना स्वतःला रिक्त करत नाही आणि योजना गरीबही होत नाही. पौलाच्या वाक्यांत जो आहे तो काहीतरी करतो.

सुरुवातीच्या सगळ्या ख्रिस्ती लोकांना हे मान्य होतं का? नाही, आणि हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवं. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने त्रिफो या यहुदी गृहस्थाशी झालेला संवाद लिहून ठेवला आहे. त्रिफो त्याला तोंडावर सांगतो की हा ख्रिस्त युगांच्या आधीपासून देव म्हणून होता आणि मग माणूस होऊन जन्मला, हे तुझं म्हणणं मला नुसतं चमत्कारिक नाही, खुळेपणाचं वाटतं. जस्टिनचं उत्तर मी कितीदा तरी वाचलं आहे. तो म्हणतो, समजा त्याचं पूर्वास्तित्व मला सिद्ध करता आलं नाही, तरी तो ख्रिस्त नाही असं ठरत नाही. आमच्यातही काही जण आहेत जे त्याला ख्रिस्त मानतात आणि तरी माणसापोटी जन्मलेला माणूसच समजतात. मला ते पटत नाही. इतकं सौम्य उत्तर पुढच्या शतकांत क्वचितच वाचायला मिळतं.

ते ‘काही जण’ पुढेही दिसत राहतात. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बायझँटियमहून रोमला आलेला थिओडोटस नावाचा चर्मकार असंच शिकवत होता आणि रोमच्या बिशपने त्याला मंडळीबाहेर काढलं. म्हणजे वेगळे आवाज होते, पण दुसऱ्या शतकातले जे लेखक आपल्यापर्यंत पोचले त्यांच्यात ते अल्पमतात दिसतात. सुमारे ११० साली साखळदंडात रोमकडे नेला जात असलेला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस वाटेत मॅग्नेशियाच्या मंडळीला लिहितो की ख्रिस्त युगांपूर्वी पित्याजवळ होता आणि शेवटी प्रकट झाला. त्यानंतर एक-दोन वर्षांनी रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र गातात. प्लिनीचा सुभा होता बिथिनिया. निकेया शहर याच सुभ्यात येतं. म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या परिषदेच्या दोनशे वर्षं आधी, त्याच मुलखात, लोक पहाटे उठून ते गात होते.

आता आपल्याकडचा प्रश्न. आमच्या शेजारच्या काकू दर नाताळला फराळाचं ताट घेऊन येतात आणि प्रेमाने म्हणतात, “म्हणजे तुमचा येशू हा देवाचा अवतारच ना गं?” मी हो म्हणते, कारण दारात उभं राहून एवढंच म्हणता येतं, आणि त्यांच्या शब्दामागे आदर असतो. पण लिहिताना फरक सांगितला पाहिजे. अवतार पुन्हा पुन्हा होतात आणि कार्य संपलं की ते रूप आवरलं जातं, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. ख्रिस्ती श्रद्धेत हे एकदाच घडलं, आणि घेतलेला मनुष्यदेह नंतर टाकून दिलेला नाही. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. तो देह खराच होता का, यावरही आरंभी वाद होता. काहींना वाटायचं की देव खरा देह कसा घेईल, तो भासच असणार. इग्नेशियसने आणि योहानाच्या नावाच्या पत्रांनी यालाच कडाडून विरोध केला. येशूला वरचं मानणं अनेकांना सोपं गेलं. तो खरोखर भुकेला होता, थकला होता, हे पचवणं अवघड गेलं.

पुनर्जन्माशीही याचा संबंध नाही. येशूचा आधी एखादा जन्म झाला होता असं कोणी म्हणत नव्हतं. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा महापंडित मात्र मानत होता की सगळ्याच जीवांचे आत्मे देहाआधीपासून असतात, येशूच्या मानवी आत्म्यासकट. हा त्याचा विचार मंडळीने स्वीकारला नाही आणि सहाव्या शतकात तो दोषी ठरवला गेला. आधीपासून होता तो पुत्र, देवाचा शब्द. नाझरेथमध्ये वाढलेलं मानवी मन आधीपासून नव्हतं, तिथे ते लहानाचं मोठं झालं. लूक स्पष्ट लिहितो की मुलगा ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. माझ्या सातवीतल्या विद्यार्थ्याला हेच सांगितलं: गोठ्यातलं बाळ खरंच बाळ होतं, त्याला भूक लागली म्हणून ते रडलं.

परत एरियसकडे येऊ. त्याचं आवडतं वचन नीतिसूत्रांतलंच. ज्ञान म्हणतं, परमेश्वराने मला... आणि पुढचा हिब्रू शब्द दुहेरी आहे. ‘मिळवलं’ असाही होतो, ‘निर्माण केलं’ असाही. ग्रीक भाषांतराने ‘निर्माण केलं’ घेतलं, आणि त्या काळचे बहुतेक बिशप ग्रीकच वाचत होते. एरियस म्हणाला, बघा, पुत्र निर्माण झालेला आहे. गंमत अशी की विरोधी बाजूच्या अथनेशियसनेही ‘इथे बोलणारं ज्ञान म्हणजे पुत्र नाहीच’ असं म्हटलं नाही. तो पुत्रच, हे दोघांनाही मान्य. अथनेशियसने पानंच्या पानं खर्च करून सांगितलं की ‘निर्माण केलं’ हे त्याने घेतलेल्या मनुष्यपणाबद्दल आहे.

कलस्सैकरांच्या पत्रातलं ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’ हेही असंच वादाचं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पहिलं अपत्य. मग तो उत्पत्तीपैकीच एक, पहिला नंबर लागलेला? पण स्तोत्रसंहितेत देव दाविदाच्या बाबतीत म्हणतो की मी त्याला माझा ज्येष्ठ करीन, आणि दाविद तर इशायाचा सर्वांत धाकटा मुलगा. तिथे ज्येष्ठपणा मानाचा आहे. मराठीने इथे योगायोगाने फार चांगला शब्द निवडला. आपणही ‘ज्येष्ठ कवी’ म्हणतो तेव्हा वय आणि मान दोन्ही त्यात असतात.

एरियसचं सर्वांत गाजलेलं वाक्य नीट ऐकण्यासारखं आहे. तो नव्हता अशी एक ‘वेळ’ होती, असं त्याने म्हटलं नाही. वेळ हा शब्द त्याने जाणून टाळला, कारण काळसुद्धा पुत्राद्वारेच निर्माण झाला असं तो मानत होता. मराठीत आणायचं तर ते असं होईल: जेव्हा तो नव्हता, असं एक ‘जेव्हा’ होतं. निकेयाच्या बिशपांनी हेच वाक्य उचलून त्याचा निषेध केला आणि विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, लिहिलं, ‘जन्मलेला, घडवलेला नव्हे.’ ग्रीकमध्ये जन्मलेला आणि अस्तित्वात आणलेला या दोन शब्दांत एका ‘न’चा फरक आहे, गेन्नेतोस आणि गेनेतोस. कानाला जवळपास सारखेच, म्हणून शतकभर दोन्ही एकमेकांत मिसळत राहिले. सुतार खुर्ची घडवतो आणि त्याला मुलगा होतो. खुर्ची लाकडाची, मुलगा माणूस. बापाचं जे असतं तेच मुलाचं असतं.

मतदानाची गोष्टही तेवढीच सोडवून टाकते. जमलेल्या सुमारे तीनशे बिशपांपैकी शेवटपर्यंत एरियसबरोबर राहिले ते दोघेच. सम्राटाने मत लादलं म्हणावं तर तोच कॉन्स्टंटाइन पुढे एरियसच्या बाजूने झुकला आणि ३३७ साली मरणापूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या त्याच मित्राकडून, निकोमीडियाच्या युसेबियसकडून. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. वाद मिटायला ३८१ उजाडलं. बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची हेही निकेयात ठरलं नव्हतं. नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी आजचीच यादी पहिल्यांदा दिसते ती अथनेशियसच्या ३६७ च्या पत्रात.

निकेयाच्या विश्वासांगीकारात ‘प्रकाशापासून प्रकाश’ असे शब्द आहेत. ईस्टरच्या आदल्या रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये एका मोठ्या मेणबत्तीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या लागत जातात, तेव्हा मला ते शब्द आठवतात. पण हा दाखला इथे थोडा कमी पडतो, कारण एक मेणबत्ती आधी पेटते आणि दुसरी नंतर. अथनेशियसला म्हणून सूर्य आणि त्याचं तेज हा दाखला जास्त आवडायचा. तेजाशिवाय सूर्य कधी नव्हता.

वर्गात सूर्य आणता येत नाही, म्हणून मी मेणबत्तीच नेली, पण एकच. खिडक्या लावून घेतल्या, ती पेटवली आणि विचारलं, “ज्योत आधी आली की उजेड आधी आला?”

“एकदमच!” सगळे ओरडले.

“उजेड कुणापासून आला?”

“ज्योतीपासून.”

“मग उजेड ज्योतीपासून आला, पण ज्योतीनंतर आला नाही. हो ना?”

माना हलल्या. आणि तोच सातवीतला मुलगा, थोडा वेळ ज्योतीकडे बघत राहून म्हणाला, “पण टीचर, मेणबत्ती तुम्ही आत्ता लावलीत. लावायच्या आधी तर उजेड नव्हताच.”

सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी जात्यावर गायला जाणारा प्रश्न तसाच्या तसा माझ्यासमोर बाकावर बसला होता. मी त्याला म्हटलं, “आता अशी ज्योत डोळ्यांसमोर आण, जी कुणी कधी लावलेलीच नाही.”

तो बराच वेळ गप्प होता.